मिठाखेरीज काही नाही

बहारीनला दुसऱ्यांदा निघालो तेव्हा, आखातातला हिवाळा पाहायचा आहे आणि जुन्या मित्रांना भेटायचे आहे, असे मी देवरुखात सर्वांना सांगितले. त्यात खोटे काही नव्हते. मुख्य गोष्ट मात्र मी वगळली होती, आणि वगळण्याची सवय मला जुनीच आहे. ज्यांनी बहारीन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. तेव्हा निदान इथे तरी वगळलेले आधी सांगतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे एका कंत्राटदाराच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होतो आणि गुदैबियातल्या एका जुन्या इमारतीत राहत होतो. माझ्या वरच्या मजल्यावर हागोप नावाच्या अर्मेनियन छायाचित्रकाराचे कुटुंब होते: तो, त्याची नवी नवरी शूशान आणि त्याची आई. आईला सगळी इमारत ‘मायरिग’ म्हणे. अर्मेनियनांत आईला तसेच म्हणतात. ती मला ‘हिंदी’ म्हणे, कारण अरबीत भारतीय माणूस म्हणजे हिंदी; बाकी सारे ‘मास्तर’ म्हणत.

मायरिग दर जानेवारीत नवस फेडी. गच्चीवर मोठ्या टोपात मेंढ्याचे मांस शिजे. या नवसाच्या अन्नाला ‘मदाघ’ म्हणतात. पाणी आणि धर्मगुरूने आशीर्वाद दिलेले मीठ, एवढेच त्यात पडते. शिजले की शेजाऱ्यांना आणि गोरगरिबांना वाटून टाकायचे, दुसऱ्या दिवसासाठी उरवायचे नाही. त्या वर्षी सारे प्रार्थनेला जाताना मायरिगने टोप ढवळण्याचे काम माझ्यावर सोपवले. आमच्या घरी मांस शिजत नाही हे तिला ठाऊक होते. “हिंदी खात नाही, म्हणजे चवही घेणार नाही,” असे ती हागोपला म्हणाली. मी वर्षभर खालच्या मेसमध्ये चोरून मटण खात होतो, हे मात्र तिला ठाऊक नव्हते.

मी चव घेतली. ती मला फार सपक लागली. आपल्या हातून या भल्या माणसांचे जेवण सुधारावे, असा उदार विचार मनात आला आणि मी खोलीतून वेलदोडे, लवंगा व दालचिनी फडक्यात बांधून आणली. पुरचुंडी टोपात सोडली आणि वास सुटल्यावर काढून घेतली. आमच्या घरी नैवेद्याच्या पुरणाचा नुसता वास घेतला, तरी आई हातातले उलथणे आपटत असे. तो नियम मला पाठ होता. तो दुसऱ्यांच्या देवालाही लागू पडतो, हे मात्र सुचले नाही.

सगळ्यांच्या आधी शूशान आली. तिच्या हाती डाव देऊन मी पुरचुंडी लपवायला खाली गेलो आणि परत वर आलो तो मायरिग टोपापाशी उभी होती. तिने एक घोट घेतला आणि सुनेकडे पाहून एकच शब्द उच्चारला, “बगदाद!”

शूशान बगदादची. तिकडचे अर्मेनियन मसाल्याला हात सैल सोडतात अशी अलेप्पोत वाढलेल्या मायरिगची ठाम समजूत होती. “मी नाही,” शूशान रडत रडत म्हणाली. मायरिग माझ्याकडे वळली. “हिंदी, तू इथे होतास. हिने यात काही घातलं?”

“मी पाहिलं नाही,” मी म्हणालो.

शब्दशः ते खरे होते, आणि म्हणूनच इतकी वर्षे मला पुरले. खरे सांगितले असते तर मी मांस खातो हे मेसमधल्या कोकणच्या मंडळींमार्फत देवरुखापर्यंत पोहोचले असते. भीती होती ती एवढीच. तो टोप मेसमध्ये वाटला गेला आणि मायरिगने दुसरा मेंढा आणवला. त्यानंतर शूशानने त्या टोपाला हात लावायचा नाही, असा नियम झाला.

गुदैबिया

विमानतळावर पहिलाच प्रसंग ओढवला तो आमसुलांमुळे. जुना मित्र दाऊदभाई याच्यासाठी नेलेली पिशवी कस्टमच्या अधिकाऱ्याने उघडली, त्या काळ्या, चिकट, वाळलेल्या वस्तू टेबलावर मांडल्या आणि हे काय म्हणून विचारले. माझी अरबी गंजली होती. मी पोटावर हात ठेवून “झैन, झैन” म्हणत राहिलो, म्हणजे उत्तम, उत्तम. त्याने एक आमसूल तोंडात टाकले. त्याचा एक डोळा मिटला, मग दुसराही. नंतर त्याने मान वळवून शेजारच्या सहकाऱ्याला बोलावले, त्यालाही एक दिले, आणि त्याची मुद्रा पाहून पोटभर हसल्यावर मला म्हणाला, “यल्ला, यल्ला!”, म्हणजे चला, निघा. वेलदोडे मी या खेपेला मुद्दामच आणले नव्हते.

दाऊदभाई बाहेर उभा होता. रत्नागिरीकडचा हा माझा जुना खोलीसोबती आता एका व्यापाऱ्याकडे हेडक्लार्क आहे. माझा व्हिसा त्यानेच काढला होता.

“काय मास्तर, डोक्यावरचं सगळं कस्टमवाल्याने ठेवून घेतलं काय?”

“आणि तू? पोटासाठी वेगळा व्हिसा काढलास की एकातच भागलं?”

गाडीत त्याने मला नव्या बहारीनची सरकारी थाटात ओळख करून दिली. सौदीला जोडणारा समुद्रावरचा पूल नुकताच सुरू झाला होता आणि तो जणू दाऊदभाईनेच बांधला होता. “इथे दर्या होता, आठवतं? खलास! भरून टाकला. आता बिल्डिंग.” गुदैबिया मात्र ओळखीचे निघाले. गल्लीच्या तोंडाशी खुबूसच्या रोट्या भाजणारा इराणी, त्याच्या शेजारी केरळी चहावाला, वाण्याकडे टांगलेली सुकी मासळी आणि तिच्या खाली गव्हाच्या गोण्या, सारे होते तसे होते. जानेवारीची हवा अशी, की दुपारी सदरा पुरतो आणि सूर्य कलला की मफलर शोधावा लागतो.

आमची जुनी इमारत अजून उभी होती. गच्चीवर आता टीव्हीच्या अँटेनांचे रान माजले होते. दाऊदभाईने वर पाहून एक सुस्कारा सोडला.

“ह्याच गच्चीवरनं एकदा त्या अर्मेनियन म्हातारीचं मटण खाली आलं होतं. अख्खी मेस जेवली. काय वास! आमच्या बायकोला किती वेळा सांगितलं, तसं कर. नाय जमत तिला.”

मी अँटेना न्याहाळत राहिलो.

नाताळ, सहा जानेवारीचा

अर्मेनियन लोक नाताळ सहा जानेवारीला पाळतात. येशूचा जन्म आणि त्याचा बाप्तिस्मा हे दोन्ही एकाच दिवशी, ही फार जुनी रीत त्यांनी सोडली नाही. “तुझ्यासारखेच उशिराचे,” दाऊदभाई म्हणाला आणि मला चर्चच्या दारात सोडून गेला.

बहारीनमध्ये त्यांचे स्वतःचे चर्च नाही. माणसेच मूठभर: कोणी सोनार, कोणी बँकेत कारकून, कोणी मोटारी दुरुस्त करणारा, कोणी बैरूतच्या लढाईतून निघालेला, कोणी बगदादहून, कोणी इराणातून. दुसऱ्या एका पंथाने आपली वास्तू संध्याकाळपुरती दिलेली आणि धर्मगुरू कुवेतहून आलेले. गणपतीसाठी शाळेचा हॉल मागून घेणारे आम्ही कोकणातले लोक. मला हे फार ओळखीचे वाटले. तीच खुर्च्या मांडण्याची घाई, तोच फुलांवरून चाललेला वाद.

प्रार्थना सुरू झाली आणि वाद मिटले. त्यांचे गाणे सावकाश चालते, आपल्याकडच्या काकड्यासारखे; एक आवाज खाली स्वर धरून बसतो आणि दुसरा त्यावरून हळूहळू वर चढतो. जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींचे भोंगे मधूनमधून ऐकू येत होते, पण कोणाचे तिकडे लक्ष नव्हते. पाण्याने भरलेल्या मोठ्या पात्रात क्रूस बुडवला गेला आणि त्यात सुगंधी पवित्र तेलाचे थेंब सोडले. हे तेल नव्याने सिद्ध करताना जुन्यातले थोडे त्यात मिसळतात, म्हणून ते कधी संपले असे होत नाही, ही माहिती धर्मगुरूंनी मला नंतर दिली. मी म्हणालो, “आमच्याकडे दह्याच्या विरजणाचं असंच असतं.” क्षणभर मला वाटले, माझे काही चुकले. पण ते मोकळेपणाने हसले. “तुमचं रोज आंबतं, आमचं काही वर्षांनी. तत्त्व एकच.” पाणी बाटल्यांत भरून घरी नेण्यासाठी जी झुंबड उडाली, तीही मला तीर्थासाठी पुढे होणाऱ्या हातांसारखीच दिसली.

धर्मगुरूंना सुरतेची फार माहिती होती. त्यांचे व्यापारी पूर्वी सुरतेत होते, त्यांची थडगी अजून तिथे आहेत. मी ती पाहिली आहेत का, असे त्यांनी विचारले. मी सुरतेला दोनदा जाऊन आलो होतो आणि दोन्ही वेळा फक्त तिथली घारी मिठाई आणली होती. ख्रिस्ती धर्म स्वीकारणारे पहिले राज्य आपले, आपली लिपी वेगळी, तिचा शोध लागला तोच मुळी धर्मग्रंथ आपल्या भाषेत वाचता यावा म्हणून, हे सारे ते गर्वाने नव्हे, तर घरचा पत्ता सांगावा तसे सांगत होते. देश हातून गेला तरी लिपी आणि प्रार्थना बरोबर नेता येतात.

तोच मागून माझ्या दंडावर काठी टेकली.

“हिंदी! जाडा झालास.” मायरिग. ऐंशीच्या घरातली, काळ्या पोशाखातली, माझ्या छातीपर्यंत येणारी. “घासफूस खाऊन कोणी इतकं जाडं होतं?”

आमचे संभाषण पूर्वीपासून अरबी, हिंदी आणि इंग्रजी यांच्या खिचडीत चालते. इथे मी ते मराठीत उतरवले आहे. त्या प्रश्नावर मात्र मी नुसता खोकून वेळ मारून नेली.

शूशान पुढे झाली. ती आता लहान मुलांच्या शाळेत शिकवते. अंगाने भरली आहे आणि तिचे हसू तिच्याआधी खोलीत शिरते. “मास्तर, खीर खाल्ल्याशिवाय जायचं नाही. घाबरू नका, मायरिगने केली आहे. मी नाही, मी तर मसालेवाली!” आजूबाजूचे पाचसहा जण हसले. त्या कुटुंबात हे तिचे टोपणनावच पडले होते. बाहेरून कोणी आले, की ते आधी तीच सांगून टाकी, दुसऱ्याने सांगण्यापूर्वी.

खीर म्हणजे अनुशाबूर. गहू मऊ शिजवून त्यात जर्दाळू, मनुका आणि वर अक्रोड. आमच्या खपली गव्हाच्या खिरीची ती परदेशी वाढलेली बहीण शोभली असती. गूळ तेवढा विसरलेली. मी दोन वाट्या खाल्ल्या. 

अराद

दोन दिवसांनी हागोप मला अरादचा किल्ला दाखवायला घेऊन गेला. समुद्राला लागून, उथळ पाण्याच्या कडेला बसलेला हा बुटका, मातकट रंगाचा किल्ला. आमच्या सह्याद्रीतल्या गडांची सवय असलेल्या माणसाला तो चढायला शोधावा लागतो. ओहोटी होती. दूरवर गुडघाभर पाण्यात एक कोळी जाळे पाहत चालला होता आणि त्याच्या मागे, पगारी नोकर असावेत तसे, बगळे.

हागोपला एकट्यात गाठून सांगायचे, असे मी ठरवून आलो होतो.

“हागोप, मला तुला एक...”

“हनुवटी खाली.” त्याने कॅमेरा काढला होता. “उन्हाकडे बघू नका.”

“गुदैबियातल्या त्या मदाघच्या दिवशी...”

“बोलू नका, तोंड वाकडं येतं. हां. आता डावीकडे.”

मला डावीकडे, उजवीकडे, कमानीत आणि बुरुजावर उभे करून त्याने माझी इतकी छायाचित्रे घेतली, की कबुलीजबाबाची सारी हवाच निघून गेली. मग दगडावर बसून त्याने थर्मासमधला चहा ओतला आणि सहज बोलावे तसा म्हणाला, “परवा शुक्रवारी मदाघ आहे, आमच्या सनदमधल्या घरी. तुम्ही या. मायरिगचा शेवटचाच. हात थरथरतात तिचे. शारजाहून धाकटी सून आली आहे, सिरवार्त. डाव तिच्या हाती द्यायचा, असं मायरिगने ठरवलंय. पुढच्या वर्षीपासून नवस तिकडे.”

“आणि शूशान?”

“शूशान काही म्हणत नाही.” त्याने कपातला उरलेला चहा वाळूत टाकला. “त्या दिवशी फक्त फार विनोद करते.”

ज्याला सांगायला आलो होतो त्याच्याशेजारी मी बसलो होतो, आणि तरीही मी बोललो नाही. हागोपला सांगितले असते तर त्याने घरी जाऊन सांगितले असते, आणि मी सुटलो असतो. माझ्या मनात तेवढेच होते हे मला त्याच क्षणी दिसले. अशा तऱ्हेने सुटणे मला नको होते. निदान नको असावे, असे वाटले.

सनद

हागोप मंडळी आता राजधानी मनामाच्या दक्षिणेला, सनदमध्ये, अंगण असलेल्या घरात राहतात. शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे वीसेक माणसे सकाळीच जमली होती. दाऊदभाई मला सोडायला आला, आणि मदाघचा वाटा शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही असतो हे कळताच थांबला. “मांस आमच्या खाटकाकडचं हाय ना? हलाल? मग काय, इंशाल्ला!”

अंगणाच्या मध्ये चुलीवर टोप. धर्मगुरूंनी मिठावर हात धरून प्रार्थना म्हटली. मायरिगने ते चिमटीने टोपात सोडले आणि दर वर्षी सांगायची ती गोष्ट सांगितली. ती सात-आठ वर्षांची होती. तुर्की सैनिकांनी गावातून सर्वांना हाकलले. चालत, चालत वाळवंटात. आई वाटेत गेली. एका अरब बाईने तिला तंबूत ओढून घेतले आणि उकडलेल्या मांसाचा तुकडा तिच्या हातावर ठेवला.

“त्यात मिठाखेरीज काही नव्हतं,” मायरिग म्हणाली. “तिच्याकडेच नव्हतं. तीच चव मी धरून ठेवली आहे. ती गेली तर माझ्याजवळ त्या बाईचं काय राहिलं? मला तिचं नावही ठाऊक नाही.”

गुदैबियाच्या गच्चीवर ही गोष्ट मी ऐकली नव्हती. ती सांगून झाल्यावरच मला टोपापाशी बोलावले होते.

शूशान अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला रोट्यांच्या चवडी बांधत होती. “मला जवळ घेऊ नका हं,” ती सिरवार्तला ओरडून म्हणाली, “माझ्या नुसत्या सावलीने टोपात वेलची पडते!” सगळे हसले. सिरवार्त हसली. मायरिगने लांब दांड्याचा लाकडी डाव उचलला आणि सिरवार्तला जवळ बोलावले.

“मायरिग, थांबा,” मी म्हणालो.

आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला. मी अरबीत सुरुवात केली: ते वर्ष, ती गच्ची, तो टोप. फडके आणि पुरचुंडी यांपाशी येऊन माझी अरबी संपली. मी दाऊदभाईकडे वळून मराठीत सांगितले आणि तो भाषांतर करू लागला. अर्ध्या वाक्यात तो थबकला.

“म्हणजे ते मटण... मास्तर, तू?”

“पुढे सांग.”

“अरे, पण मी बायकोला इतकी वर्षं...”

“दाऊद, सांग पुढे.”

त्याने सांगितले.  मायरिगने डाव टोपाच्या काठावर टेकवला.

“लवंग होती?”

“होती.”

ती हागोपकडे वळली. “मी म्हटलं नव्हतं? तू म्हणालास नुसती वेलची.” मग पुन्हा माझ्याकडे. “म्हणजे तू मांस खातोस.”

“खातो.”

“हे पोट घासफुसाचं नाही, हे मी नाताळालाच ओळखलं होतं.” कोणीतरी हसले, तिने काठी आपटली आणि तो थांबला. तिचा चेहरा आता निराळा झाला होता. “मी तुला विचारलं होतं, हिंदी. सगळ्यांसमोर विचारलं होतं.”

“हो.”

 मग डाव पुन्हा उचलून ती सावकाश, काठी टेकत, अंगण ओलांडून शूशानपाशी गेली आणि तो तिच्यासमोर धरला. शूशानने तो घेतला नाही. पिठाचे हात तसेच पुढे धरून ती माझ्याकडे पाहत होती, आणि मी तिला ओळखत आलो तेव्हापासून प्रथमच तिला विनोद सुचत नव्हता.

“देवाची क्षमा मी मागेन,” मायरिग मला म्हणाली, “टोप माझा होता. हिची आधी तू माग, मग मी. आणि मोठ्याने माग. त्या दिवशी मी मोठ्याने बोलले होते.”

मी शूशानसमोर जाऊन उभा राहिलो. घरून निघताना घोकलेली वाक्ये बरीच मोठी आणि सुबक होती. त्यांतले एकही आठवेना. साऱ्या अंगणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हणालो:

“शूशान, तो मसाला मी घातला होता. तुम्ही नाही म्हणत होतात ते खरं आहे, हे तिथे मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी गप्प राहिलो. माझी लाज वाचावी म्हणून तुमची जाऊ दिली. माझं चुकलं. मला क्षमा करा.”